टपावरची होडी

मी एक जुना टपावरचा कॅरिअर आहे. हे ऐकून तुम्ही हसाल, कारण माझ्या आसपास गाडी नाही आणि टपही नाही. राजिवड्याला, खाडीच्या काठी, एका कौलारू घराच्या परड्यात चार जांभ्या दगडांवर मी आडवा पडून आहे. माझ्यावर बांगडे आणि मांदेली सुकत असतात. मांजरं माझ्याखाली झोपतात आणि कावळ्यांना तर मी त्यांच्याच बापजाद्यांनी ठेवलेला वाटतो. पण मित्रांनो, मी राजापूरच्या वरचे डोंगर पाहिले आहेत. ताशी वीस मैलांचा वारा खाल्ला आहे. माझं कौतुक झालं आहे. आणि माझ्यामुळे जे झालं तेही तुम्हाला सांगणार आहे, कारण ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट खरी होणार नाही.

माझं लाकूड माझ्याहून जुनं. ते आधी गफूरचाचाच्या होडीचं होतं. गफूरचाचा म्हणजे होड्या बांधणारा सुतार. पन्नास वर्षं त्यानं तेच केलं. त्याच्या हातची होडी पाणी पीत नाही, असं साऱ्या खाडीत बोललं जायचं. त्याला दोन मुलगे होते. थोरला जमाल मलबारकडे निघालेल्या एका गलबतावर खलाशी म्हणून गेला. ते गलबत परत आलं नाही. जमालची टोपीसुद्धा कुठल्या किनाऱ्याला लागली नाही.

त्या वर्षी गफूरचाचानं आपली स्वतःची होडी किनाऱ्यावर ओढली ती पुन्हा पाण्यात लोटली नाही. धाकट्या सुलेमानला त्यानं मुंबईला मामाकडे पाठवलं आणि सांगितलं, काय वाटेल ते शीक, पण पाण्यावरचं शिकू नकोस. सुलेमान मोटार चालवायला शिकून आला. गफूरचाचाला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. दुसऱ्या मुलानं कोरड्या जमिनीवर जगावं.

ते साल मला पाठ आहे, एकोणीसशे चोपन्न. आठल्ये डॉक्टरांनी फिरता दवाखाना काढला होता. लढाईत वापरलेली आणि नंतर लिलावात निघालेली एक उंच गाडी त्यांनी आणली होती. तिच्या चारही चाकांना ओढ होती, त्यामुळे ती चिखल, धोंडे, नदीचं पात्र काही म्हणायची नाही. सुलेमानला तिच्यावर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. डोंगरातल्या गावांना रस्ते नव्हते. एकदा निघालं की तीन-तीन आठवडे मुक्काम. औषधांच्या ट्रंका, तंबू, स्ट्रेचर, पेट्रोलचे डबे, तांदळाचं पोतं, सगळं आत भरलं की पेशंटला बसायला जागा उरायची नाही. टपावर काहीतरी हवं होतं. लोहार म्हणाला, एवढं लोखंड टपावर चढवलंत तर पत्रा बसेल. तेव्हा गफूरचाचा म्हणाला, ‘मी करतो.’

त्यानं आपली होडी मोडली. पहिली फळी काढताना तो थोडा वेळ नुसता बसून राहिला, हे मला माझ्या लाकडामुळे ठाऊक आहे. मग मात्र त्याचा हात चालू झाला. टपाच्या मापाच्या सागाच्या आडव्या फासळ्या, त्यांवर फळ्या, चारही बाजूंना वीतभर उंच काठ. गाडीच्या अंगाला मी आठ ठिकाणी बोल्टांनी बसलो, पण गफूरचाचाचं समाधान होईना. त्यानं वरून सुंभाच्या दोरीनं मला आवळून बांधलं. ‘खिळा मोडतो, सुंभ सोसतो,’ असं तो म्हणायचा.

भांडण झालं ते फळ्यांवरून. सुलेमान म्हणाला, ‘बाबा, डॉक्टर म्हंतात फळ्यांच्या मदी दोन-दोन बोटा फट ठेवा. पावसाचा पाणी खाली जायला पायजे.’

गफूरचाचानं रंधा खाली ठेवला. ‘फट? पन्नास वर्सा मी फटी बुजवत आलो. आता पोरासाठी करतोय त्यात माज्या हातानं फट ठेवू?’

दारातून त्याची बायको खुर्शीद हसली. ‘होडी मोडली तरी ह्यो माणूस काय होडीतनं उतरत नाय. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाय.’

शेवटी तडजोड झाली. मागच्या कोपऱ्यात, जिथं उतार येईल तिथं, एक अंगठ्याएवढं भोक ठेवायचं ठरलं. होडीला असतं ना, तसंच. होडी किनाऱ्यावर असली की त्या भोकाचं लाकडी बूच काढून ठेवतात, म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही. होडी पाण्यात लोटायची वेळ आली की बूच ठोकतात.

‘गाडी तर जमिनीवरच चालणार,’ गफूरचाचा म्हणाला. ‘म्हंजे बूच कायम काढलेला.’

‘मग बूच करताच कशाला?’ सुलेमाननं विचारलं.

‘भोक केला आणि बूच नाय केला, असा सुतार बघितलास कदी?’

त्यावर तिघंही हसले. मीही हसलो असतो, मला दात असते तर. बाकीच्या फटींत त्यानं कापूस ठासला, वर राळ भरली, माशाचं तेल चोळलं. सागाचंच एक छोटं बूच तासलं आणि दोरीनं भोकाशेजारी टांगून ठेवलं. मी ना धड होडी होतो, ना धड कॅरिअर. पण देखणा होतो, हे मी नम्रपणे सांगतो.

पहिलं वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं वर्ष. पाऊस संपून रस्ते वाळले की आम्ही निघालो. लांजा, राजापूर, मग अर्जुना नदी सोडून वर पाचलकडे, आणि त्याच्याही पुढं, जिथं गाडी म्हणजे काय हे माणसांनी पाहिलं नव्हतं. आठल्ये डॉक्टर पुढं बसायचे, सुलेमान चालवायचा, आणि विठू कंपाउंडर औषधांच्या पेट्यांवर लक्ष ठेवायला मागं. मागची जागा पेशंटनं भरली की विठू शिडीनं चढून माझ्यावर येऊन बसायचा. माझा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि प्रत्येक धक्क्याला खालच्या सुलेमानला शिव्या द्यायचा. सुलेमान मुद्दाम धोंडा बघून चाक घालायचा. विठू आणि मी, आमची अशी मैत्री झाली. त्याच्या चपलेच्या खिळ्याचे ओरखडे अजून माझ्या फळीवर आहेत.

एका वाडीत केरू नावाचा म्हातारा होता. मला पाहून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ‘सुलेमान, ही होडी डोंगरात कुटं घेऊन चाललास? पुराची बातमी आली काय?’

‘बापूस पाण्याला भितो माजा,’ सुलेमान म्हणाला. ‘म्हणून होडीच डोंगरात पाठवलान.’

तेव्हापासून गावोगावी मला ‘टपावरची होडी’ म्हणू लागले. हौसा नावाच्या एका बाईला हिवतापानं बेशुद्ध अवस्थेत आम्ही राजापूरला नेलं. ती बरी झाली आणि पुढच्या फेरीला तिनं नारळ आणला. तो गाडीपुढं न फोडता ती म्हणाली, होडीपुढं फोडा. सुलेमाननं माझ्या काठावरच फोडला. त्याची खोक आहे, पण तिचं मला दुःख नाही.

त्या साऱ्या महिन्यांत पाऊस एकदाही आला नाही. बूच आपलं दोरीला लोंबकळत होतं. त्याच्याकडे कुणी बघण्याचं कारणच नव्हतं.

पावसाळ्यात मला उतरवून घरी आणलं आणि झावळ्यांच्या मांडवात पालथं ठेवलं. नारळी पौर्णिमा जवळ आली की आमच्या काठावर होड्यांची दुरुस्ती सुरू होते. गफूरचाचाकडे आता स्वतःची होडी नव्हती. तो माझ्याकडे वळला. जुना कापूस काढला, नवा भरला, राळ ओतली, तीन वेळा तेल दिलं. जाता-येता लोक थट्टा करायचे, ‘गफूरभाय, कंदी लोटताय पाण्यात?’ तो कापूस ठासत राहायचा. कामात बुडलेल्या माणसाचा चेहरा किती तरुण दिसतो, ते मी त्या दिवसांत पाहिलं. जमाल गेल्यापासून त्याचा हात असा चालला नव्हता, असं खुर्शीद शेजारणीला म्हणाली.

मग सप्टेंबर संपता संपता निरोप आला. पाचलच्या वर तापाची साथ होती, माणसं दगावत होती. दसऱ्यानंतर निघायचं ठरलेलं, पण डॉक्टर म्हणाले, उद्याच निघू. हस्त नक्षत्र लागलेलं होतं, तरी आठवडाभर आभाळ कोरडं होतं.

त्या सकाळचं सगळं मला अगदी जवळून आठवतं. मला टपावर चढवलं. ट्रंका मधोमध रचल्या, वर ताडपत्री आवळली. खुर्शीदनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून सुलेमानच्या शेजारी ठेवली. गफूरचाचा गाडीभोवती फिरला. प्रत्येक दोरी ओढून पाहिली. मग मागच्या पायरीवर चढला. नव्या तेलाचा वास, घट्ट भरलेल्या फटी, निघण्याची घाई. पन्नास वर्षं जे शेवटचं काम तो करत आला होता, ते त्याच्या हातानं केलं. लोंबकळतं बूच त्यानं भोकात बसवलं, ‘बिस्मिल्ला’ म्हणाला आणि मोगरीनं दोनदा ठोकलं. उरलेली दोरी कापून टाकली.

सुलेमान तेव्हा इंजिन चालू करत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

मला मात्र कळलं. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं. माझं लाकूड होडीचं. बूच बसलं म्हणजे आता आपण खरे, आता पाणी, एवढंच त्याला ठाऊक होतं.

पाणी तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. आम्ही पाचलच्या वरच्या सड्यावर होतो. नुसता काळा कातळ, आडोशाला झाड नाही. हस्ताचा पाऊस गडगडाट करत आला आणि दोन तास एकसारखा कोसळला. ताडपत्रीवरचं पाणी चारही बाजूंनी माझ्या काठाच्या आत पडत होतं. एक थेंब मी सांडला नाही. फटीतून नाही, भोकातून नाही. गफूरचाचाची होडी पाणी बाहेर ठेवायची, मी ते आत ठेवलं. काम एकच, मी ते चोख केलं. चार-पाच धडधाकट माणसं टपावर बसावीत एवढं ओझं झालं.

सुलेमानला जाणवलं. ‘गाडी आज जड झालेय,’ तो म्हणाला.

‘चिखल हाय,’ आतून विठू म्हणाला. पावसामुळे तो त्या दिवशी माझ्यावर नव्हता. असता तर त्याचे पाय भिजले असते आणि त्यानं शिव्या दिल्या असत्या.

सुलेमान पावसात उतरला. चारही चाकं पाहिली. वाकून खाली पाहिलं. वर पाहिलं नाही. वर काय असणार? वर बापानं केलेलं होतं.

सड्यावरून खाली पऱ्याकडे उतार होता. आमच्याकडे डोंगरातल्या ओढ्याला पऱ्या म्हणतात. उतारावर वळण घेतलं आणि माझ्यातलं सगळं पाणी एकदम एका बाजूला धावलं. मी ते धरायला पाहिजे होतं की सोडायला, मला समजलंच नाही. गाडी त्या बाजूला कलली, क्षणभर थांबली आणि पडली. डॉक्टर बाहेर फेकले गेले, त्यांचा हात मोडला. विठूला खरचटलं. सुलेमान खाली सापडला. केरूच्या वाडीतली माणसं धावत आली, त्यांनी गाडी उचलली, माझ्यावर बांधलेलं स्ट्रेचर सोडलं आणि त्यावर त्याला निजवलं. त्याला काही बोलता आलं नाही. पऱ्यापर्यंतसुद्धा तो जिवंत पोचला नाही.

पाऊस थांबला तेव्हा विठू एकटाच माझ्याजवळ आला. मी आडवा पडलो होतो, पाणी सांडून गेलं होतं. त्यानं बूच पाहिलं. त्या कोपऱ्यात ते नेहमी लोंबकळायचं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक दगड उचलला, बूच मागून ठोकून काढलं आणि खिशात घातलं. मग तिथंच खाली बसून तो हुंदके देऊन रडला.

पुढं गाडी दुरुस्त झाली, दुसरा ड्रायव्हर आला. टपावर मात्र डॉक्टरांनी परत काही बसवलं नाही. मी राजिवड्याला परत आलो. कुणी मला मोडावं की ठेवावं, हे ठरवेना. मी आपला भिंतीला टेकून उभा राहिलो.

मातीला आठ दिवस झाल्यावर विठू आला. परड्यात गफूरचाचा माझ्यासमोर बसला होता. खुर्शीद दारात उभी होती. विठू एका दमात बोलला. ‘गफूरचाचा, उताराला चिखल होता. चाक घसरला. तुमच्या कामात काय खोट नव्हती. बूच उघडा होता, मी बघितला.’

बुचाचं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

गफूरचाचानं मान वर केली. मग तो उठून माझ्याजवळ आला. माझ्या काठाच्या आतल्या बाजूला, तेलावर, एक बारीक तांबडी रेघ उठली होती. सड्यावरची धूळ पाण्यावर तरंगली होती आणि पाणी जिथवर चढलं तिथं चिकटून राहिली होती. होड्या बांधणाऱ्याला पाण्याची रेघ वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पाणी मी धरलं होतं, मी. पण मला तोंड नाही.

‘बरा झाला सांगितलास, विठू,’ गफूरचाचा म्हणाला. ‘जीवाला बरा वाटला.’

दुसऱ्या दिवशी त्यानं सामता काढला. दोरीनं फिरवून भोक पाडायचं सुताराचं हत्यार असतं ते. मला दगडांवर आडवं टाकलं आणि माझ्या तळाला भोकं पाडायला सुरुवात केली. एक, दोन, दहा. घाम गळत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तो थांबत नव्हता. माझ्यात त्यानं त्रेसष्ट भोकं पाडली. त्यातल्या एकाचीही मला तक्रार नाही. फक्त उशीर झाला होता.

खुर्शीद बाहेर आली. ‘विठू बोल्ला ना, बूच उघडा होता. मग भोका कशाला पाडता?’

गफूरचाचानं तिच्याकडे पाहिलं नाही. ‘मासळी सुकवायला तुला कायतरी पायजेच होता. खालनं वारा नको?’

तिनं एक भोक बोटानं चाचपलं. मग म्हणाली, ‘व्हय. वारा पायजे.’

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं बाजारातून टोपलीभर बांगडे आणले, चिरले, मीठ लावलं आणि माझ्यावर पसरले. त्याआधी त्या घरात कुणी मासळी सुकवत नव्हतं. सुकी मासळी ते बाजारातून आणायचे. तेव्हापासून दर वर्षी, पाऊस संपला की ती मासळी सुकवते. एवढं खायला घरात माणसं नव्हती. शेजाऱ्यांना वाटून टाकायची.

गफूरचाचानं पुढं होडी बांधली नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणायचा, नजर गेली. नजर चांगली होती. चार वर्षांनी, एका सकाळी, तो माझ्याशेजारच्या दगडावर बसल्या बसल्या गेला.

त्याच्या मातीनंतर विठू पुन्हा आला. केस पांढरे झाले होते. परड्यात खुर्शीदपुढं बसून त्यानं खिशातून ते बूच काढलं. चार वर्षं त्यानं ते फेकलं नव्हतं. ‘चाची, मी तेव्हा खोटा बोललो,’ तो म्हणाला. ‘चाचा गेले, आता मनात ठेववत नाय.’

खुर्शीदनं बूच हातात घेतलं. ‘मी दारातच होती रे त्या सकाळी. त्यांनी ठोकला तो मी बघितला. मना वाटला, त्यांना ठावं. होड्यांतला मना काय कळतंय?’

‘तुमी कंदी बोलला नाय त्यांना?’

‘तू खोटा बोललास त्यांच्यासाठी. ते खोटा बोलले माज्यासाठी. मग मी खरा कोणासाठी बोलू?’

ती उठली, चुलीपाशी गेली. तेल प्यालेला साग, चांगला जळला. त्याच विस्तवावर तिनं चहा केला आणि दोघांनी तो प्यायला. जाताना विठूनं माझ्या काठावरून हात फिरवला. जिथं धरून बसायचा, तिथंच.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते म्हणे. मी एक साधा कॅरिअर, मला फारसं येत नाही. एवढंच सांगतो. तुमच्या घरातून कुणी लांबच्या वाटेला निघालं तर निरोप देताना हात जरा थांबवा, काय करतो आहे ते एकदा डोळ्यांनी बघा. आणि कुणाच्या हातून चूक झाली असेल, ती त्याला कळलीही असेल, तर त्याच्यासमोर ती पुन्हा उघडी करू नका. त्याला सावलीला बसू द्या.

आणि एक विनंती माझी स्वतःची. खुर्शीदचाची संध्याकाळी माझ्यावर घागरभर पाणी ओतते आणि वाकून बघते, सगळं खाली जातं की नाही. आता तिची नजर खरोखरच अधू झाली आहे. मासळीचे खवले माझ्या भोकांत अडकतात आणि कोपऱ्यात पाणी साचून राहतं, ते तिला दिसत नाही. कधी राजिवड्याच्या वाटेनं गेलात तर परड्यात या, एखादी काडी घ्या आणि माझी भोकं मोकळी करा. मागच्या कोपऱ्यातलं सगळ्यात आधी.